गट नंबर चारशे सतरा

धैर्यशीलनं मला गुलाबबिलाब दिला नाही.
तासगावच्या तहसिलीसमोरून
एक रुपयाची झेरॉक्स आणली,
चौघडी करून सरकवली माझ्या कंपासपेटीत.
सातबारा. मौजे हिंगणमाळ, गट नंबर चारशे सतरा.
म्हणाला, "बघ, हितं आपण दोघं हाय."

वर त्याच्या आज्याचं नाव, कंसात:
(रंगराव धोंडी सूर्यवंशी).
खाली माझ्या बापाचं, कंसाबाहेर:
ज्ञानू रामू डोईफोडे.
शेजारी बारीक अक्षरात: हस्तांतरणास बंदी.
"बंदी हाय तुझी," म्हणाला, आणि हसला.
मग हसायचा थांबला.

मी वसाहतीत जन्मले, पत्र्याच्या खोलीत.
आई 'आपल्याकडं' म्हणायची
तेव्हा ती पाण्याखालचं बोलत असायची.
गावात आम्ही धरणवाले.
वसाहतीत त्यांना सूर्यवंशी कुणी म्हणत नसे,
मनाईहुकूम आणला म्हणून मनाईवाले.
माझ्या बारशाला आमची कडब्याची गंज पेटली.
वर्षात त्यांची द्राक्षबाग कुणीतरी बुडातून कापली,
तीनशे वेली, एका रात्रीत.
माझ्या चुलत्याच्या कपाळावर दांड्याचा वण,
त्याच्या बापाच्या मांडीत सळी.
तारखेला मात्र सगळे एकाच एसटीनं सांगलीला,
ते पुढं, आमचे मागं,
दोन्हीकडं भाकरी बांधलेली,
दोन्हीकडं तोच शेंगदाण्याचा खर्डा.

"आडनावच डोईफोडे," तो चिडवायचा,
"मग भांडशील न्हाईतर काय."

दहावीच्या आधीच्या उन्हाळ्यात
मी बेदाणा निवडायला जायची.
हिरवा एकीकडं, काळा एकीकडं, काडी खाली.
तो हिशेबाच्या वहीचं निमित्त काढून यायचा.
गंधकाची धुरी सुटली की शेडात सगळ्यांचेच डोळे गळायचे,
आमचे कशानं गळतात कोण बघणार?
हात लागला तो दोनदा.
एकदा क्रेट देताना.
दुसऱ्यांदाचं मी सांगणार नाही.

कागद बापाला सापडला.
त्याला वाचता येत नव्हतं, पण तो शिक्का ओळखायचा.
कंपासपेटी अंगणात उपडी झाली,
कर्कटक मातीत उभं रुतलं.
"किती दिलं त्यांनी तुला?
आणखी कुठला कागद फोडलास?"

त्याला प्रेम सुचलंच नाही.
जमिनीशिवाय दुसरं काही चोरीला जाऊ शकतं
हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.
आणि मी, सोळा वर्षांची,
म्हणाले, हो. फोडला.
खरं बोलले असते तर तो मेला असता.
खोटं बोलले म्हणून फक्त माझी शाळा गेली
आणि मार्गशीर्षात मला जतकडं दिली.
वसाहतीत अजून म्हणतात,
ज्ञानूची पोरगी फितूर निघाली.

मागच्या वर्षी दोन्ही घरांनी तडजोड केली.
वकील थकले, की म्हातारे संपले, कुणास ठाऊक.
उत्तरेकडचं त्यांना, दक्षिणेकडचं आम्हाला.
चहा झाला म्हणे. बिस्किटंसुद्धा.
मग भाऊ आला जतला, साडी घेऊन.
हक्कसोडपत्र. "सही कर, अक्का, पद्धत हाय."
केली.
मला सोडायची सवय होती.

परवा तलाठ्याकडून उतारा घेतला.
आता सगळं कॉम्प्युटरवर, कुणाच्या हातचं अक्षर नाही.
भावाच्या नावाखाली माझं, कंसात:
(यमुना ज्ञानू डोईफोडे).
त्याखाली नवीन नोंद, कंसाबाहेर:
धैर्यशील अजितराव सूर्यवंशी.
मधे रेघसुद्धा नाही.

तलाठी नवा होता, लातूरकडचा, पोरगेला.
म्हणाला, "मावशी, तुमचा तर हक्क संपला की.
उतारा कशाला पाहिजे?"
मी म्हटलं, किती झाले ते सांग.
पंधरा रुपये.

चौघडी केली.
आता कंपासपेटी नाही,
म्हणून पिशवीत, भाजीच्या खाली.