काडी ओढल्याचा वास

बाटली आणली रुअरीनं, बकी गावच्या सुपरमार्केटातून.
मानेवर अजून पिवळी चिठ्ठी:
बावीस पौंड, फक्त गुरुवारपर्यंत.

साडेतीनलाच अंधारलं होतं.
बंदरात दोन बोटी, तिसरी दुरुस्तीला वर ओढलेली.
ग्रिझेलच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघं, धड ग्लास दोनच,
म्हणून तिला चहाचा कप
आणि मला उकडलं अंडं ठेवायची वाटी.
वयाचा मान.

रुअरीनं खोक्यावरचं वाचून दाखवलं
पाद्र्यासारखं, जरा नाकातून:
मनुका, सुकं अंजीर, संत्र्याची साल,
जुनी कातडी खुर्ची.
"कुणाच्या बुडाखालची?" ग्रिझेल म्हणाली.

रंग बघा, तो म्हणाला, अस्सल शेरीच्या पिंपाचा.
मी गप्प.
इकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं
की थोडा रंग पिंपाचा, थोडा जळक्या साखरेचा,
आणि पाहुण्यांसमोर ते कुणी काढत नाही.

एकेचाळीस वर्षं मी पिंपं बांधली.
स्पेनहून यायची, गाभण गाईएवढं एकेक.
झाकण निघालं की, मुकादमाची पाठ वळलेली बघून,
आधी डोकं आत घालायचो.
बाहेर ओठ फुटायची थंडी,
आणि आत अख्खा उन्हाळा बसलेला,
काळोखात, ओला, अंजिराच्या वासाचा.
मग हातोडा. कडी उतरव, कुजकी फळी काढ,
सांध्यात लव्हाळ्याची सुकी पात दाब, कडी चढव.
मजुरी पिंपामागे. वास फुकट.

पहिला घोट काकवीसारखा आला, लाघवी,
उसने मागायला आलेल्या मेहुण्यासारखा.
मागून जायफळ. अक्रोडाच्या सालीचा कडवटपणा.
आणि घशाखाली उतरता उतरता
"काडेपेटी," मी म्हणालो.
काडी ओढल्याचा वास.

रुअरीचा चेहरा पडला.
त्यानंही कुठंतरी वाचलं होतं, हा दोष असतो.
मी सांगितलं: वाटेत रिकामं पिंप नासू नये
म्हणून आत गंधकाची वात जाळतात.
धूर लाकडात मुरतो आणि जायचं नाव घेत नाही,
जुन्या भाडेकरूसारखा.
महागड्या बाटल्यांसाठी असली पिंपं वेचून बाजूला काढतात.
"मग ती जातात कुठं?"
मी पिवळ्या चिठ्ठीकडे बघितलं.

इनिसला गेल्या वर्षीच्या तापापासून वास येत नाही.
तो म्हणाला, गरम आहे, मला पुरे.

ग्रिझेलनं कप पुन्हा नाकाशी नेला.
डोळेबिळे मिटून नाही, ती तसली नाही.
खिडकीबाहेर बघत.
"वॉटी दोनला उठायचा, भरतीच्या हिशेबानं.
दिवा लावला तर मी जागी होईन
म्हणून अंधारातच शेगडी पेटवायचा.
एकच काडी. दुसरी कधी लागली नाही त्याला.
मी जागीच असायचे.
वास जिन्यानं वर यायचा,
मग केटली, मग दाराची कडी."

फ्रिज घरघरत राहिला.
रुअरी खोक्यावरची अक्षरं परत वाचू लागला,
जणू हे तिथं लिहायचं राहून गेलं होतं.
मी माझी वाटी तिच्या कपात ओतली.
थोडं पाणी घाल, इनिस म्हणाला, खुलतं त्यानं.
"नको," तिनं कपावर हात धरला. "जाईल ते."

मग बराच वेळ हेरिंगचा भाव, इनिसचा गुडघा,
नव्या पाद्रीणबाईची मोटारसायकल.
बाटली अर्ध्यावर आली.

"आज वार कुठला रे?"
"मंगळवार, आजी."
"मग उद्या अजून दोन आण," ती म्हणाली
आणि पर्स शोधायला उठली.