घाड्यांच्या विहिरीतले तिसरे

घाड्यांच्या परसात विहीर खणताना
बावीस फुटांवर तांबडी माती संपली,
काळा गाळ लागला, आणि गाळात तिसरे.
वाघोटणची खाडी इथून दीड कोस.
मोतीराम घाडी कपाळाला हात लावून म्हणाला,
"पाण्यासाठी खणलंय, लागली तिसऱ्यांची आमटी."

मी दुपारच्या एसटीने आले,
चाळण, व्हर्निअर, दोनशे पिशव्या घेऊन.
तीन दिवस पडवीत बसून शिंपले धुतले.
लांबी, जाडी, डावी झडप, उजवी झडप.
प्रत्येकावर शाईचा बारीक आकडा,
बाळाला तीट लावावी तसा.
आधी पाठवलेल्या चार शिंपल्यांचं वय
प्रयोगशाळेने कळवलं होतं:
सहा हजार वर्षं, ऐंशी इकडे किंवा तिकडे.
ऐंशी म्हणजे एक अख्खा माणूस,
चूकभूल द्यावी घ्यावी, यात बसून गेलेला.

ताडून बघायला जिवंत तिसरे हवे होते.
चौथ्या दिवशी द्वारका कोयंडे आली,
पाटी ओतली, पैसे दोनदा मोजून घेतले.
नाव समुद्राने गिळलेल्या नगरीचं
आणि उभी कुठे, तर
समुद्र ज्या जागेवरून उठून गेला तिथे.
चाळीस वर्षं ओहोटीच्या वेळा पाठ.
बसची पाटी वाचायला तिला कुणीतरी लागतं.
इथे कुणी लागलं नाही.

माझ्या सुपातला एक तिने उचलला.
बिजागरीपाशी गोल भोक,
बाहेर रुंद, आत निमुळतं,
सुताराने स्क्रूचं डोकं बुडवायला पाडावं तसं.
"हो आपसूक मेललो नाय. हो खाल्ललो.
शंखान भोक पाडल्यान."
मग स्वतःच्या पाटीत हात घालून
एक रिकामा शिंपला काढला, कालचाच,
आणि माझ्याजवळ ठेवला.
तेच भोक. तीच जागा.
इतक्या काळात शंखाने
ना हत्यार बदललं, ना सवय.

दुसरा उचलला. दोन्ही झडपा मिटलेल्या.
"हेका पळाक गावाक नाय. गाळ अंगार इलो."
तो तिने लगेच खाली ठेवला नाही.
जड होता, आत गाळ ठासलेला,
दार लावून बसलेल्या घरासारखा.

माझ्या वहीत: झडपा तीनशे बारा,
भोकं एकेचाळीस,
मिटलेल्या जोड्या सतरा.
"म्हणजे मोठा पूर? एका रात्रीत?"
मी जरा उत्साहानेच विचारलं.
"रात्र का दिवस, ता शिंपलो कसो सांगतलो?"
मी 'एका रात्रीत' खोडलं.
पुढे 'पूर'ही खोडला,
प्रश्नचिन्ह तेवढं ठेवलं.

जुने तिसरे मोठे आहेत, मी म्हटलं,
सरासरी सात मिलिमीटरने.
"तेवा येचूक कोण होता?"
बोलून गेली, आणि आपल्या पाटीकडे बघत राहिली.
नखाएवढे होते त्यात काही.
ते निवडून तिने पदरात बांधले;
खाडीत परत सोडायला की घरी न्यायला,
मी विचारलं नाही, वहीत तसा रकानाही नाही.

जाताना विहिरीच्या काठाशी थांबली.
नुकत्या निघालेल्या गाळातली चिमूट
जिभेवर ठेवली, दाताने चावून पाहिली.
माझ्या सरांनी हेच शिकवलं होतं:
कचकचला तर रेती, लोण्यासारखा विरला तर चिकण.
तिला कुणी शिकवलं, देव जाणे.
थुंकली. "खारट हा अजून.
हय तिसरे सोपले. खाली खडप आसतला,
खडपार कालवां."

मोतीराम म्हणाला, आता बुजवून टाकूया,
पाणी मचूळच लागणार.
मी म्हटलं, दोन फूट. फक्त दोन फूट.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग द्वारकेकडे,
आणि आत वाकून गड्याला हाक दिली.

रहाट करकरतोय.
दोरावर वजन आहे,
बादली अजून अंधारात.
आम्ही तिघं काठावर वाकलोय,
आणि तिचा हात नकळत
कालवं फोडायच्या कोयतीवर.