सात ठिपके

हत्तीपायाचे जंतू रात्री रक्तात फिरतात,
म्हणून बावीस वर्षं मीही रात्रीच फिरले.
टिमकी, पाचपावली, बंगाली पंजा,
झोपलेल्यांची बोटं टोचत, काचेवर थेंब घेत.
"अजून किती रक्त नेता, बाई?"
म्हणत लोक कूस बदलायचे.

नेवारे आला तो भर दुपारी.
मिहानच्या साइटवरचा गवंडी,
सेहेचाळीस डिग्रीत आठ तास भिंतीवर उभा
आणि वर हसत होता:
"तहानच नाही लागत आता, ताई.
ठेकेदारानं उन्हाळ्याची सुई दिली ना, फुकट."

बारा वाजताच्या थेंबात ते होते,
वळवळत, उजेडाला न घाबरता.
आपल्या जंतूच्या शेपटीच्या टोकाला ठिपके नसतात.
यांना सात.
दुसऱ्याला सात, चाळिसाव्यालाही सातच.
देवाच्या हातून इतकी सफाई होत नाही.

डॉक्टर हेडाऊंनी काच खिडकीकडे धरली,
मग स्पिरिटनं पुसली. दोनदा.
"डोळे शिणलेत तुमचे, चंद्रकलाबाई. घरी जा."

नेवारे गुरुवारी गेला.
उशाशी पाण्याची बाटली,
सील तसंच.

आज मेडिकलच्या आवारात मंडप पडलाय,
कूलर लावलेत, रांग पार फाटकाबाहेर.
आम्हा कर्मचाऱ्यांना आधीच मिळाली सुई,
नेवारे आला त्याच्या आदल्या दिवशी.

खोलीच्या कोपऱ्यात माठ आहे,
सकाळी सातला मीच भरलेला.
आता चार वाजलेत.
झाकण उचलते.

काठोकाठ.