मोरेरमड्डीवरचं माप

घटप्रभेकडून येताना डांबरी सोडली
की मड्डीवर पहिलं घर लागतं.
तीन शिळा उभ्या, चौथी कलंडलेली,
वर फरशी, वीस गड्यांनी उचलावी एवढी.
टेपचं एक टोक सायबांकडं, दुसरं माझ्याकडं.
रोज तीनशे साठ, भाकरी आपली आपण आणायची.

मस्टरवर माझं नाव कन्नडात आहे.
वाचता येत नाही, पण ओळखते:
तीन अक्षरं, डोक्यावर तुरे असलेली.
आकडे येतात.

लांबी दोन मीटर दहा.
पूर्वेच्या शिळेला गोल भोक,
चव्वेचाळीस.
साहेब लिहीत होते तेवढ्यात
मी टेप खांद्यांना लावून बघितला.
तिरकी झाले तर मावते.

सिद्रामाप्पा मेंढरं घेऊन आला.
"काय मोजालाय?"
मग त्याच्या भाषेत सांगू लागला,
हे मोरेरांचं घर. वीतभर माणसं ती.
आगीचा पाऊस येणार कळल्यावर
त्यांनी दगडाची छपरं घातली.
"मग?" मी विचारलं.
"मग काय. आतच राहिली."
आणि एका मेंढीला शिवी देत उतरून गेला.

दुपारी कपारीखाली जेवलो.
वर तांबड्या गेरूत वशिंडाचा बैल,
त्याच्या पोटाखाली बोटांचे ठिपके, पाच की सहा.
साहेब म्हणाले, याचा अर्थ सांगता येत नाही.
ठेच्याचं बोट मी लुगड्याला पुसलं,
दगडाला लावायचं मनात आलं होतं.

एकोणिसावं घर बोरीच्या जाळीत निघालं.
शिळा चारच, गुडघ्याएवढ्या,
नीट तासलेल्या, मोठ्या घरांपेक्षाही नीट.
साहेब म्हणाले, धान्याचं असेल, घे पटकन.

आमच्यात लहानग्यांना जाळत नाहीत.
माझं सहा दिवसांचं होतं.
ओढ्याकडेला पुरलं, कुत्र्यांसाठी वर बाभळीची काटी,
काटीवर एक धोंडा, हाताला येईल तो.
पुढच्या साली तिथं ऊस होता.

टेप आत धरला.
तळाला मऊ माती, सावलीतली, गार.
"किती?"
आकडा समोर होता.
"तुळसा, किती?"
सत्तर, म्हटलं.
वाऱ्यानं ऐकू गेलं नाही त्यांना.
सत्तर, परत म्हटलं, मोठ्यानं,
आणि टोक सोडलं तसा
टेप दगडाला घासत सरकन निघून गेला.