उंदराचं औषध

चाळीस वर्षं मी इंजिनं ऐकली.
स्क्रूड्रायव्हरचं टोक सिलिंडरवर, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटून सांगायचो :
तिसऱ्याचा व्हॉल्व्ह चिकटतोय,
आज होडी बंदराबाहेर काढू नका.

त्याच कानाला मंगळवारी पहाटे
खाटेखालून टिक् ऐकू आली.
मग थांबून, पुन्हा टिक्.
घड्याळ नव्हतं. पाल नव्हती.
नातीच्या पिंजऱ्यातला नट होता,
सात आठवड्यांचा, काळी टोपी घातलेला पांढरा उंदीर,
केस पिंजारून कोपऱ्यात बसलेला,
आणि दर श्वासाला कुशी आत जात होत्या
भोक पडलेल्या भात्यासारख्या.
वायसर, त्याचा भाऊ, शेंगदाणा फोडत होता.
नटने तिकडे मानही वळवली नाही.

स्वरांगी उठली, म्हणाली, आजोबा, नाकातून रक्त!

दुकान उघडायची वाट बघत मी फळीपाशी उभा.
तोंडातून गेलं, बाबल्या, उंदराचा औषध दी.
त्याने न बघता पुडी पुढे केली :
ह्यां घे, एका रातीत साफ.
मारूचो नाय रे, म्हटलं, जगवूचो आसा.
तो माझ्याकडे बघत राहिला.
मालवणात लेप्टोने माणसं गेलीत,
त्याचा मेव्हणा त्यातलाच.
मी काही बोललो नाही. पुडीचे पैसे दिले.

गुरांच्या दवाखान्यात म्हापणकर डॉक्टरीण,
हातभर मोजे उतरवून नुकती हात धूत होती.
नटला तिने कानाशी धरलं, फोन धरावा तसा.
रक्त नाही हे, म्हणाली,
डोळ्यामागच्या ग्रंथीचं लाल पाणी,
जीव बरा नसला की गळतं.
पण ही टिकटिक छातीतली. थांबला असतात तर गेला असता.
वजन किती?

दवाखान्याचा काटा बैलांचा,
शेळीखालचं त्याला दिसत नाही.
म्हणून सोनाराकडे.
अंगठ्या तोलायच्या ताटलीत नट,
एकशे अठरा ग्रॅम.
घट किती धरू? पेडणेकर हसला,
आणि पावतीच्या पाठीवर आकडा लिहून दिला, फुकट.

वजनावर थेंब ठरले.
बारा तासांनी एकदा, कुस्करलेल्या केळ्यातून,
दुधातून नको, औषध बांधून टाकतं.
बरा दिसला तरी मध्येच सोडायचं नाही.
खाली काय अंथरता?
मी अभिमानाने सांगितलं, होडीच्या कारखान्यातला ताजा भुसा,
वास घेऊन बघा.
तोच वास, ती म्हणाली.

भुसा गेला. माझी जुनी लुंगी फाडून अंथरली,
रोज बदलायची, मुताची वाफही फुप्फुसाला लागते.
डासांची कॉइल गेली.
खाटेखालचा डिझेलचा डबा गेला.
विडी सुटली असं म्हणणार नाही,
ती अंगणात गेली, माझ्यासकट.

तिसऱ्या रात्री श्वास इतका उथळ
की मी आरसा धरून बघितला.
स्वरांगीला उठवलं नाही.
पाचव्या दिवशी त्याने माझं बोट चावलं.
एवढं बरं मला कशानेच वाटलं नव्हतं,
बुडालेली 'जलकन्या' सुरू झाली तेव्हाही नाही.

हा जंतू आईकडूनच येतो म्हणे,
जात नाही, झोपतो.
थंडी लागली, धूर झाला, की कूस बदलतो.
नटच्या छातीत एक बारीक टिक् राहिलीच,
जुन्या इंजिनाला असते तशी, आपली आपण ओळखायची.
रोज निजताना मी दोघांना कानाशी धरतो,
आधी वायसर, मग नट.

माळ्यावर रात्री दुसरे असतात.
जाळी कुरतडतात, पाच हजारांचं नुकसान या मोसमात.
त्यांची छाती मी ऐकलेली नाही.
बाबल्याची पुडी खिळ्याला आहे,
अजून फोडलेली नाही,
टाकलेलीही नाही.