रंगीत तालीम

कोलकात्याचा नकाशा जेवणाच्या टेबलावर.
एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी, दुसऱ्यावर
पोदेराकडच्या उंड्यांची पिशवी,
नाहीतर तो स्वतःलाच गुंडाळून घेतो.

आईला रजा नाही. दिवाळीत तिचा वॉर्ड भरतो
भाजलेल्या हातांनी.
म्हणजे आम्ही दोघंच:
मी, डिचोलीतल्या पाण्याच्या मीटरांचे आकडे टिपणारा,
आणि ऊर्वी, वय वर्षं तेरा, महिने सात.
महिने तिनेच लिहायला लावले.

नरकासुर जाळून पहाटे निघायचं, मडगावहून गाडी,
दोन रात्री.

माझी यादी: हावडा पूल. व्हिक्टोरिया. संग्रहालयातली ममी.
कालीघाट, कारण माझ्या आईने नारळ बोललाय.
ऊर्वीने व्हिक्टोरियावर पेन्सिलीने रेघ मारली.
फोटोत दिसतो की. तिथेही तसाच असणार.
ममी राहू दिली, प्रश्नचिन्ह घालून.
नारळाला हात लावला नाही.

तिची यादी: ट्राम.
ट्राम, आणि?
ट्राम. शेवटपर्यंत. मग परत.

खोलीत पलंग वेगळे हवेत, खिडकी तिच्या बाजूला.
रस्त्यात हात धरायचा नाही,
अनोळखी माणसांना ती कितवीत आहे ते सांगायचं नाही,
दुकानात उगाच भाव विचारायचे नाहीत.
मी सगळं लिहून घेतो,
ज्या वहीत लोकांच्या नळांचे आकडे लिहितो तिच्याच मागच्या पानावर.

काल आईने एक काळी पिशवी माझ्या बॅगेत ठेवली.
तिच्या बॅगेत का नाही, मी विचारलं.
तिथेही आहे, आई म्हणाली.
ही तुझ्याकडे, कारण वेळ आली तर
तुला शब्द शोधावे लागू नयेत. नुसती पुढे करायची.

रविवारी पणजीत तालीम ठेवली.
नकाशा तिच्या हातात, मी दहा पावलं मागे, तोंड बंद.
रविवारची पणजी म्हणजे शटरं खाली, कुत्री सावलीत,
गर्दी म्हणून चार पर्यटक आणि एक फुगेवाला.
इथे हरवायचं तरी कसं, ती वैतागली.
तरी मी हरवलो.
मळ्याच्या एका वळणावर
निळ्या भिंतीतलं मीटर बघत राहिलो, सवयीने,
काटा फिरत होता, घरात कुणीतरी आंघोळ करत असणार,
आणि मान वर केली तर गल्ली रिकामी.

ठरलं होतं: चुकामूक झाली
तर चर्चच्या पायऱ्यांखाली उभं राहायचं, फोन करायचा नाही.
मी उभा राहिलो.
दहा मिनिटं. वीस. फोन खिशात,
बोटं खिशात, फोनवर.
फुगेवाला दोनदा येऊन गेला, दुसऱ्यांदा त्याने
फुगा घेणार का असं विचारलंही नाही,
फक्त शेजारी उभा राहिला थोडा वेळ.

पस्तिसाव्या मिनिटाला ती समोरच्या बागेतून आली,
हातात अर्धवट खाल्लेलं आइस्क्रीम.
कुठं होतीस?
त्या बाकावर. मघापासून.
बघत होते, तू जातोस का कुठं.
मला ओरडायचं होतं. वाक्यं तयार होती, रांगेत.
आणि?
नाही गेलास, म्हणाली, आणि आइस्क्रीमचा उरलेला कोन
माझ्याकडे दिला, तळाला चॉकलेट असतं ना, तोच भाग.

परतीची बस पाचला होती. तासभर उरला.
म्हणून फेरीबोटीत बसलो, पलीकडे बेतीला.
चालत येणाऱ्यांना तिकीट नसतं.
काठाला लागल्यावर सगळे उतरले, स्कुटरी गेल्या,
आम्ही नाही उतरलो.
तसेच परत. मग पुन्हा एकदा.
मांडवीवर ऊन तिरकं झालेलं, कॅसिनोंचे दिवे लवकर लागलेले.
बोटीवरचा माणूस आमच्याकडे बघून हसला,
आपल्याला काय, असं.

ट्राम अशी नसणार, ऊर्वी म्हणाली.
मग कशी असेल?
मला काय माहीत.
म्हणून तर जायचंय ना.