पांढरं फडकं

किनवटपुढच्या रानात मी
पांढरी फलालीन ओढत चालतो गवतातून.
गेमसिंग हसतो : "डाक्टर, मयत कुणाचं हाय?"

दर वीस पावलांना उलटून बघायचं.
खसखशीएवढे सात. चिमट्यानं बाटलीत.
चिठ्ठीवर तारीख, नाल्याचं नाव.

रात्री इथं रोही बसलेले,
गवत अजून दबलेलं.
दिवसा तिथंच गेमसिंगच्या लालकंधारी गाई.
कासेजवळचा टपोरा गोचीड
तो नखानं चिरडतो, धोतराला पुसतो,
त्याच हातानं तंबाखू मळतो.

"चिरडू नको, दादा. चिमट्यानं, तोंडाशी धरून."
"बापानं जन्मभर चिरडले."
"बाप कशानं गेला?"
"तापानं."
मग बराच वेळ
गाईच्या गळ्यातली घंटा तेवढी बोलते.

गोठ्याच्या भेगांत औषध मारीन,
कोंबड्या सोडू.
पण रोह्याच्या कानात कोण बघणार?

घरी बायको उंबऱ्याबाहेरच
कपडे उतरवायला लावते.
कानामागं, काखेत, गुडघ्याच्या लवणीत
बॅटरी धरून शोधते.
इतकं निरखून तिनं मला
बघायच्या कार्यक्रमातही पाहिलं नव्हतं.